खात्यातून आधी काय वजा होते? बँकेतल्या व्यवहारांच्या क्रमाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सकाळी खात्यात १,००० शिल्लक होती. दिवसभरात कार्डाने १५०, २०० आणि १०० असे तीन खर्च झाले. त्याच दिवशी ९०० चा एक हप्ताही खात्यातून जायचा होता. दुसऱ्या दिवशी स्टेटमेंट पाहिले तर ९०० सर्वांत आधी, मग तिन्ही छोटे खर्च, आणि प्रत्येक छोट्या खर्चामागे शिल्लक कमी पडल्याचे शुल्क. खर्च तर आधी केले होते, मग हप्ता पुढे कसा गेला? बँकेला असा क्रम बदलता येतो का? ही फसवणूक नाही का?

मी बँकेच्या संगणक विभागात अनेक वर्षे डे-एंडचे काम पाहिले आहे. रात्री दिवसाचा हिशेब मिटवायचा आणि दुसऱ्या दिवसाची तारीख उघडायची, असे ते काम. तक्रार आली की खात्याचा उतारा ओळीओळीने तपासणे हेही त्यातच आले. त्या अनुभवावरून सांगतो: तुम्हाला जे दिसले त्यामागे चार-पाच वेगवेगळी कारणे असू शकतात. काहींत बँकेचा दोष नसतो, काहींत असतो. कोणते कारण तुमच्या बाबतीत लागू आहे हे शोधून काढता येते, पण त्यासाठी आतली रचना समजून घ्यावी लागेल.

आधी आकडे मांडू. वेळेच्या क्रमाने गेलो तर १,००० मधून १५० गेले, ८५० उरले. २०० गेले, ६५० उरले. १०० गेले, ५५० उरले. मग ९०० चा हप्ता आला आणि बँकेने तो भागवला, तर खाते उणे ३५० वर गेले. शिल्लक एकदाच कमी पडली, म्हणून शुल्क एकदाच. आता मोठी रक्कम आधी घ्या. ९०० गेले, १०० उरले. मग २०० ला उणे १००, १५० ला उणे २५०, शेवटच्या १०० ला उणे ३५०. दिवसअखेरची शिल्लक दोन्हीकडे तीच, पण शुल्क तीनदा. बँक उणे शिल्लक देत नसेल आणि व्यवहार परतच पाठवत असेल, तर चित्र आणखी वेगळे दिसते. वेळेच्या क्रमात फक्त हप्ता परत जातो. मोठ्यापासून लहानाकडे गेलो तर हप्ता भागतो, २०० आणि १५० परत जातात, आणि शेवटचे १०० मात्र भागतात.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. खात्यात पुरेसे पैसे असतील तर कोणताही क्रम लावा, निकाल एकच येतो. क्रमाला किंमत येते ती शिल्लक कमी पडते त्या दिवशीच, म्हणजे माणूस आधीच ओढगस्तीत असतो तेव्हा. म्हणूनच हा विषय मला तांत्रिक वाटत नाही. दुसरी गोष्ट, लहान रक्कम आधी घेतली तर परत जाणाऱ्या व्यवहारांची संख्या सर्वांत कमी राहते, पण तो क्रम ग्राहकाच्या दर वेळी भल्याचाच असतो असे नाही. तीन किरकोळ खर्च भागले आणि घरकर्जाचा हप्ता परत गेला, तर कर्जाच्या नोंदीवर त्याचा डाग बराच काळ राहतो. मोठ्या रकमा आधी घेणाऱ्या बँका हेच कारण पुढे करत आल्या आहेत, आणि ते पूर्णपणे खोटे नाही. खरी गल्लत पुढे होते, तिच्याकडे येतोच.

तुम्ही कार्ड स्वाइप करता तेव्हा तुमच्या मते व्यवहार संपतो. बँकेच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू होतो. दुकानदाराच्या यंत्राकडून विचारणा येते की या खात्यात एवढी रक्कम आहे का. बँक हो म्हणते आणि तेवढ्या रकमेवर होल्ड लावते. याला मंजुरी म्हणतात. पैसे अजून खात्यातच असतात, फक्त बाजूला ठेवलेले. दुकानदाराची बँक दिवसाचे सगळे व्यवहार गोळा करून कार्डाच्या जाळ्यामार्फत पाठवते, तेव्हा खरी मागणी येते. ती आली की होल्ड निघतो आणि रक्कम खात्याला नावे पडते, म्हणजे खात्यातून वजा होते. हे पोस्टिंग. मंजुरी आणि पोस्टिंग यांच्यात एक दिवस जाऊ शकतो, कधी तीन-चार दिवसही. स्टेटमेंटवरचा क्रम बहुतेक ठिकाणी पोस्टिंगचा असतो, मंजुरीचा नव्हे. तुमचे तीन छोटे खर्च दुपारी मंजूर झाले, पण त्यांची मागणी दुसऱ्या दिवशी आली आणि हप्ता त्याच रात्री गेला, तर हप्ता वर दिसणारच. कोणी काहीही उलटसुलट केलेले नसताना.

म्हणून शिल्लकही दोन प्रकारची असते. खातेवहीतली शिल्लक म्हणजे पोस्ट झालेल्या नोंदींची बेरीज-वजाबाकी. उपलब्ध शिल्लक म्हणजे तिच्यातून होल्ड आणि अजून न वटलेल्या धनादेशांच्या जमा रकमा वगळून उरते ती. खर्च करताना उपलब्ध शिल्लक पाहावी, हे सगळे सांगतात. पण तिच्यातही एक खड्डा आहे. होल्डला मुदत असते. दुकानदाराने मागणी पाठवायला उशीर केला तर मुदत संपून होल्ड सुटतो, रक्कम पुन्हा उपलब्ध दिसू लागते, माणूस ती खर्च करतो, आणि मग मूळ मागणी येऊन धडकते. हॉटेलात उतरताना किंवा पेट्रोल भरताना लागणारे अंदाजी होल्ड तर नेमके उलटे त्रास देतात. अंतिम बिल लहान असले तरी होल्ड मोठा असतो, आणि तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत.

यातूनच एक प्रकार घडतो जो मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. मंजुरीच्या वेळी शिल्लक पुरेशी होती, बँकेने स्वतः हो म्हटले, पण पोस्टिंगच्या वेळी मधल्या एखाद्या व्यवहाराने शिल्लक कमी झालेली होती, म्हणून शुल्क लागले. ग्राहकाने विचारून पाऊल टाकले होते. त्याला त्या क्षणी जे दिसले ते बरोबर होते. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने ऑक्टोबर २०२२ मध्ये परिपत्रक काढून बजावले की ग्राहकाला ज्याची वाजवी कल्पना येऊच शकत नाही असे शुल्क अन्याय्य व्यवहारात मोडू शकते, आणि त्यात हेच उदाहरण घेतले होते. तुमच्या तिन्ही खर्चांना होल्ड लागला असेल आणि तरीही पोस्टिंगच्या वेळी शुल्क पडले असेल, तर तुमची तक्रार याच प्रकारात बसते आणि ती जोरात मांडा.

आता रात्रीच्या कामाकडे येतो. बँकेत व्यवहार दोन वाटांनी येतात. एटीएम, मोबाइल, काउंटर यांचे व्यवहार त्याच क्षणी खात्याला लागतात. हप्ते, स्थायी सूचना, पगाराच्या याद्या, धनादेशांचे क्लिअरिंग, व्याज आणि शुल्क यांच्या मात्र फायली येतात आणि त्या गठ्ठ्याने चालवल्या जातात. एका फायलीतल्या हजारो नोंदींवर एकच वेळ असते. धनादेशावर तर तुम्ही तो कोणत्या वेळी लिहिला याची नोंदच नसते. अशा वेळी “आधी कोणता?” या प्रश्नाला निसर्गाने दिलेले उत्तर नसते. कोणीतरी नियम ठरवावा लागतो आणि तो प्रणालीत भरावा लागतो: जमा आधी की नावे आधी, कोणती फाइल पहिली, फायलीच्या आत रकमेप्रमाणे जायचे की धनादेशाच्या क्रमांकाप्रमाणे की नोंदी आल्या तशा. तुमच्या खात्यावर दिसलेला क्रम हा एखाद्या समितीने कधीतरी मंजूर केलेला निर्णय असतो, हे लक्षात आले की प्रश्न विचारण्याची रीतच बदलते.

एक प्रसंग सांगतो. मी जिथे काम करत होतो तिथे एका महिन्यात पगाराची फाइल उशिरा आली. हप्त्यांची फाइल नेहमीच्या वेळी लावलेली होती, ती आधी चालली. पगार त्याच तारखेला जमा झाला, पण त्याच्या तासभर आधीच हप्ते परत गेले होते. खातेदारांच्या उताऱ्यावर दोन्ही नोंदींची तारीख एकच. सकाळी फोन सुरू झाले आणि लोक विचारत होते, पगार आला त्याच दिवशी हप्ता परत कसा जातो? त्यांचे म्हणणे बरोबर होते. नियमाप्रमाणे आमचे काही चुकले नव्हते, आणि तरीही जे झाले ते चुकीचेच होते. शुल्क परत केले, आणि त्यानंतर अट घातली की त्या दिवशीच्या जमा फायली पूर्ण झाल्याशिवाय हप्त्यांची फाइल सुरूच होणार नाही, आणि परत जाणाऱ्या नोंदींना दिवस संपण्याआधी एक दुसरी संधी मिळेल. बदल करायला फार कष्ट पडले नाहीत. तो आधी कोणाला सुचला नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

जमा आधी, नावे नंतर आणि शुल्क सर्वांत शेवटी, हा क्रम मी कोणत्याही बँकेला सुचवेन. शुल्क शेवटी का? कारण शुल्क मध्येच पोस्ट झाले तर ते स्वतःच शिल्लक खाऊन टाकते आणि पुढचा व्यवहार पाडते. त्या पडलेल्या व्यवहाराचे पुन्हा शुल्क. एका कमतरतेतून साखळी तयार होते, आणि त्यातला ग्राहकाचा वाटा फक्त पहिल्या कडीचा असतो.

बँकेला क्रम ठरवता येतो का, याचे कायदेशीर उत्तर बऱ्याच अंशी होय असे आहे. हा वाद जुनाही आहे. इंग्लंडमध्ये १८१६ साली क्लेटनच्या खटल्यात सर विल्यम ग्रँट यांनी चालू खात्याबद्दल जो निकाल दिला तो आजही कायद्याच्या पुस्तकांत आहे. एका भागीदारीच्या बँकेतला एक भागीदार वारला, खातेदार क्लेटन यांनी व्यवहार चालूच ठेवले, आणि पुढे बँक बुडाली. मृत भागीदाराच्या मालमत्तेतून जुनी शिल्लक मिळावी असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने म्हटले की चालू खात्यात वेगळे काही ठरलेले नसेल तर सर्वांत जुनी जमा सर्वांत आधी काढली गेली असे धरायचे. क्लेटन यांनी मृत्यूनंतर काढलेल्या रकमांनी जुनी शिल्लक केव्हाच संपली होती, म्हणून दावा फेटाळला. वेगळे ठरलेले नसेल तर, हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण पुढे बँकांनी करारात वेगळे ठरवायला सुरुवात केली.

अमेरिकेत युनिफॉर्म कमर्शियल कोड या संहितेच्या चौथ्या विभागात तर स्पष्टच आहे की बँक आलेले धनादेश कोणत्याही क्रमाने खात्याला लावू शकते. त्या मोकळिकीचा वापर कसा झाला हे वेल्स फार्गोच्या खटल्यात उघड झाले. या बँकेने २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या खात्यांवर लहान रकमेपासून मोठ्याकडे जाणारा क्रम उलटा केला. ऑगस्ट २०१० मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी निष्कर्ष काढला की उलट्या क्रमामागचा हेतू शुल्कांची संख्या वाढवण्याचा होता, आणि सुमारे २० कोटी ३० लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्यातला एक भाग बाजूला ठेवला. क्रम कोणता ठेवायचा हे ठरवण्याचा बँकेचा अधिकार केंद्रीय कायद्याने राखलेला आहे, त्यात राज्याच्या कायद्याने हात घालता येणार नाही, असे ते म्हणाले. पण क्रमाबद्दल ग्राहकांची दिशाभूल करण्याचा अधिकार कोणाला नाही, हे त्यांनी कायम ठेवले. त्याच आधारावर २०१३ मध्ये ऑल्सप यांनी रकमेचा आदेश पुन्हा दिला. याच प्रकारच्या दाव्यांत बँक ऑफ अमेरिकेने २०११ मध्ये ४१ कोटी डॉलरची तडजोड केली.

या निकालांतली रेघ मला योग्य वाटते आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. क्रम ठरवणे ही फसवणूक नाही. क्रमाबद्दल एक सांगून दुसरे करणे, ग्राहकाला खर्च घडले तसे लागतील असे वाटू देणे आणि आत रकमेप्रमाणे लावणे, ही फसवणूक आहे. मी स्वतः एक पाऊल पुढे जाईन: ज्या क्रमाने बँकेचे उत्पन्न वाढते तो निवडला असेल, तर तो ग्राहकाच्या हिताचा का आहे हे बँकेने लेखी सांगावे. ‘मोठे हप्ते महत्त्वाचे असतात’ हे कारण असेल तर मग हप्ते आधी घ्या, बाकीचे घडले तसे घ्या. कार्डाच्या खर्चांनाही रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावण्याची गरज त्या कारणातून निघत नाही. शिवाय बँक उणे शिल्लक देऊन सगळेच व्यवहार भागवत असेल, तर हप्ता शेवटी आला तरी तो भागतोच. तिथे ते कारण पूर्णपणे गळून पडते. कार्डाचा आणि एटीएमचा व्यवहार मंजूर झालेला असतो, त्याला वेळेचा पक्का शिक्का असतो. धनादेशाची अडचण तिथे नाही.

क्षणात होणाऱ्या व्यवहारांमुळे हा प्रश्न कमी होत चालला आहे. ब्रिटनमध्ये मे २००८ पासून फास्टर पेमेंट्स ही तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली, भारतात डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालते. रक्कम त्याच वेळी लागत असेल तर नंतर क्रम लावायला फारसे काही उरत नाही. तिथे क्रम ठरतो तो डेटाबेसमध्ये. एकाच खात्यावर दोन मागण्या एकाच क्षणी आल्या तर पहिली त्या खात्याच्या नोंदीला कुलूप लावते, दुसरी ते उघडेपर्यंत थांबते आणि मगच शिल्लक वाचते. तसे केले नाही तर दोघीही जुनीच शिल्लक वाचतील आणि एकच रक्कम दोनदा दिली जाईल.

पण ही वाटही पूर्ण सरळ नाही. डे-एंड चालू असताना मुख्य प्रणाली काही काळ बंद किंवा संथ असते. तेव्हा एटीएम आणि कार्डाच्या विचारणांना बाजूची प्रणाली शिलकेची एक प्रत पाहून उत्तर देते आणि नोंदी साठवून ठेवते. मुख्य प्रणाली उघडली की त्या नोंदी आत जातात, आणि मधल्या वेळात हप्त्यांची फाइल चालून गेलेली असते. मध्यरात्रीच्या आसपासचे व्यवहार उताऱ्यावर वेड्यावाकड्या क्रमाने दिसतात ते बहुधा यामुळेच.

गठ्ठ्याचे काम किती नाजूक असते याचे मोठे उदाहरण जून २०१२ मधले आहे. ब्रिटनच्या आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड) समूहात रात्रीच्या कामांचा क्रम लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली, ती बिघडली, जुन्याकडे परत जाताना घोळ आणखी वाढला. ब्रिटनमधल्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांवर परिणाम झाला, पगार दिसेनात, शिलका चुकीच्या दिसू लागल्या, आणि याच समूहातल्या अल्स्टर बँकेच्या खातेदारांना तर कित्येक आठवडे झळ बसली. २०१४ मध्ये नियामकांनी एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. पैसे हरवले नव्हते. आधी काय आणि नंतर काय, एवढेच हरवले होते.

व्याजाबद्दल अनेकांना शंका असते म्हणून एवढेच सांगतो: व्याज दिवसअखेरच्या शिलकेवर मोजले जात असेल तर दिवसातल्या क्रमाने त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो व्हॅल्यू डेटने, म्हणजे रक्कम कोणत्या तारखेपासून धरली त्याने. नोंद उशिरा झाली आणि व्हॅल्यू डेट मागची दिली, तर व्याज त्याप्रमाणे दुरुस्त व्हायला हवे. ते झाले का, हे जरूर पाहा.

आता तुम्ही काय करायचे. मोबाइलवरच्या यादीवरून निष्कर्ष काढू नका, कारण ती यादी दाखवण्यापुरती वेगळी लावलेली असू शकते आणि आत क्रम दुसराच असू शकतो. खात्याचे नियम आणि अटी काढून त्यात व्यवहार कोणत्या क्रमाने लागतील याचे कलम शोधा. मग बँकेला लेखी विचारा की या चारही व्यवहारांची मंजुरीची वेळ, पोस्टिंगची वेळ आणि व्हॅल्यू डेट काय आहे, प्रत्येक पोस्टिंगच्या आधी उपलब्ध शिल्लक किती होती, आणि शुल्क कोणत्या क्षणी कोणत्या नोंदीवर लागले. ही सगळी माहिती प्रणालीत असते. काउंटरवरच्या माणसाला ती दिसत नसेल, पण मागणी वर गेली की काढून देता येते. ‘सिस्टिमने लावले’ हे उत्तर स्वीकारू नका. सिस्टिम तिला दिलेला नियमच पाळते, तुम्हाला तो नियम हवा आहे.

उत्तरात छोट्या खर्चांची मंजुरी हप्त्याच्या आधीची निघाली, तेव्हा शिल्लक पुरेशी होती आणि तरी शुल्क तीनदा लागले असेल, तर किमान दोन शुल्के परत मागा आणि नकार आला तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे न्या. हप्ता खरोखरच पहाटेच्या फायलीत, तुमच्या खर्चांच्या आधी लागला होता असे निघाले, तर क्रम वेळेप्रमाणेच आहे आणि बँकेचे म्हणणे टिकेल. मग हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेपासून दोन-तीन दिवस पुढे सरकवून घ्या, आणि हप्त्याच्या आदल्या रात्री त्याची रक्कम खात्यात मोकळी ठेवा. त्या रकमेवर होल्ड नसतो, त्यामुळे उपलब्ध शिलकेत ती तुम्हाला खर्च करण्याजोगी दिसेल, पण ती आधीच दुसऱ्या कोणाच्या नावाची असते.